मागून येणारा आवाज

८ ऑगस्ट २००४, रविवार

या डायरीवर यांच्या कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत छापलंय. जानेवारीत सगळ्यांना वाटल्या आणि मार्चअखेर मकरपुऱ्यातल्या कारखान्याच्या गेटला कुलूप लागलं. यांनी डायरी कोरीच ठेवली होती, म्हणून मी घेतली. पानं फुकट जाऊ नयेत, एवढाच हेतू. शिवाय मन कुठेतरी मोकळं करावं लागतंच, आणि ज्यांच्यापाशी करायचं ते गृहस्थ समोरच्या भिंतीकडे बघत बसलेले असतात.

मुख्य काळजी झोपेची. मार्चपासून यांना झोप नाही. सगळी उमर केबलच्या कारखान्यात, तारा पिळणाऱ्या मशीनांच्या मधोमध गेली. रात्रपाळी करून आले की चहा संपायच्या आत घोरायला लागायचे. आता रात्रभर कूस बदलतात आणि मलाही बदलायला लावतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. त्या देवघराच्या फळीवर पडून आहेत. "गोळी घेऊन झोपायला मी काय म्हातारा झालो?" म्हणे. झालाय की! पण हे त्यांना सांगणार कोण?

आज मात्र जेवताना स्वतःहून बोलले. "होम थिएटर घेऊ या का आपण? पाच स्पीकर असतात. मागून पण आवाज येतो म्हणे."

मी पोळी हातात धरून बघतच राहिले. मार्चपासून या माणसाने ताटात मीठसुद्धा मागितलं नव्हतं. म्हटलं, "घेऊ या ने. बघून तर येऊ." वाढताना हात जरा सढळ पडला माझा.

१४ ऑगस्ट, शनिवार

पाय दुखताहेत, अर्धं बडोदं पालथं घातलं. रावपुऱ्यातली दोन दुकानं झाली, अलकापुरीतलं एक झालं, शेवटी फतेगंजला पीयूषभाईंकडे गेलो. सगळीकडे विक्रेते लढाईचंच दृश्य लावतात. बॉम्ब पडतात, काचा फुटतात, हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं आणि मग ते आपल्या तोंडाकडे बघतात, केलं की नाही गार! माझं डोकं तेवढं गरम झालं.

आमची बैठकीची खोली ती केवढी! टीव्ही, सोफा, यांची वेताची खुर्ची आणि खुर्चीमागे खिडकीशी माझं शिवणाचं मशीन. झालं. रावपुऱ्यातल्या माणसाने दाखवलेल्या स्पीकरांच्या उंचीएवढी तर आमची लेक रसिका सातवीत होती. आम्हाला लहान पाहिजे, लहान, असं सांगून माझा घसा बसला. लहान म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावरचं हसूही लहान होतं.

यांची आणखी वेगळीच तऱ्हा. दुकानात खुर्ची उलटी करून टीव्हीकडे पाठ करून बसतात. अलकापुरीत विचारलं, "मागचे तेवढेच चालू ठेवता येतील?" दुकानातल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानाच्या छताकडे पाहिलं.

पीयूषभाईंचं दुकान त्यातल्या त्यात बरं. "आवो काकी, बेसो," म्हणून पाणी दिलं. स्पीकरही चिमुकले, साबणाच्या वडीएवढे, आणि घुमणारा डबा टेबलाखाली मावेलसा. पण ऐकायची खोली प्लायवूड ठोकून केलीय आणि पलीकडे कुणाचा तरी जरीकामाचा कारखाना आहे. त्या मशीनांची खडखड अखंड चालू. आवाजाची वस्तू विकायची आणि शेजारी हा गोंधळ! मी पीयूषभाईंना तोंडावर सांगितलं, "याचं काहीतरी करा, गिऱ्हाइकाला ऐकू काय येणार?" ते म्हणाले, "शुं करिये काकी, जुना भाडूत छे."

यांना मात्र तिथून उठवेना.

१९ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी साड्यांना फॉल लावायचे होते, ढीग पडला होता. हे खुर्चीत. मध्येच बघते तो मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं. झोप! मला इतका आनंद झाला की पाय पटकन मशीनवरून काढून घेतला. म्हटलं, खडखडाटाने जागे व्हायचे. श्वाससुद्धा हळू घेत बसले. तर दोन मिनिटांत डोळे उघडले.

"झोपा की," मी म्हटलं.

"नाही येत," म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

बाहेर कावळा ओरडत होता, त्यानेच घात केला.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

आज सकाळी म्हणाले, "घर फार गप्प आहे." हा टोमणा मला होता हे न कळण्याएवढी मी बावळट नाही. खरंच, काम काम करताना मी तरी कुठे दोन शब्द बोलते? म्हणून दिवसभर बोलत राहिले. भाजीचे भाव, रसिकाच्या सासूबाईंचा गुडघा, खालच्या मजल्यावरची पाण्याची टाकी. संध्याकाळी मलाच माझा कंटाळा आला. यांनी सगळं ऐकून घेतलं, हूं हूं केलं, आणि माझी कात्री घेऊन नुसती चालवत बसले. कचकच कचकच. आई म्हणायची, रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडणं होतात. मी ती हातातून काढून घेतली. लहान मुलाचं खेळणं काढून घ्यावं तसं तोंड झालं त्यांचं.

त्यातच शेजारच्या राजेश्वरीवहिनी आल्या. त्यांच्या आजेसासऱ्यांनी संस्थानच्या फौजेत तलवार बांधली होती. ती तलवार आता वहिनींच्या जिभेवर आहे. मला आत बोलावून म्हणतात, "अगं शालिनी, भाऊजी घरात बसलेले आणि तू त्यांच्या पाठीशी मशीन बडवतेस, सारं नाही लागत हं, बरं नाही दिसत. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला येतं. पुरुषमाणसाला किती लागत असेल मनाला! बोलतात का बिचारे?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे मी शिवत असते तेव्हा त्यांना रोज आठवत असेल की आता घर माझ्या मशीनवर चाललंय. म्हणूनच झोप उडाली असेल. रडू आलं. पण कांदा चिरायचाच होता, त्यात निभावून गेलं.

२ सप्टेंबर, गुरुवार

आज देव पावला. अकोट्याच्या सिग्नलला स्कूटरवर यांना डुलकी लागली आणि ते स्कूटरसकट आडवे झाले. मागे बस होती. बसवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज हे मी डायरीत लिहितेय. कोपर सोललंय, बाकी काही नाही. घरी आणून सोडणारा मुलगा म्हणाला, "काकांना सांभाळा." मी चहा दिला त्याला.

म्हणजे झोप अंगात आहे. आहे आहे, भरपूर आहे. फक्त गादीवर पडलं की ती पळते. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर वाढलंय, असंच चाललं तर पुढच्या वेळी कोपरावर भागायचं नाही.

मी भांडले. मोठ्याने. "जायचं कुठे असतं रोज तुम्हाला स्कूटर घेऊन?" तर म्हणे, "स्पीकर बघायला." दोन आठवडे हा माणूस रोज स्पीकर बघतोय!

७ सप्टेंबर, मंगळवार

काय ते एकदाचं बघावं म्हणून आज रिक्षा करून त्यांच्या मागोमाग फतेगंजला गेले. पीयूषभाई मला बघून ओशाळले. "काकी, काका तो रोज आवे छे. पेला खूणामां बेसे ने सूई जाय." रोज येतात, त्या कोपऱ्यात बसतात आणि झोपून जातात, म्हणे. आणि बोटाने दाखवलं.

प्लायवूडच्या भिंतीला खुर्ची टेकवून हे गाढ झोपले होते. समोर तो चिमुकल्या स्पीकरांचा संच लावलेला, कुठल्याशा पिक्चरमधलं गाणं चाललंय, पलीकडे जरीच्या मशीनांचा तोच खडखडाट, आणि हे घोरताहेत! मार्चपासून ऐकलं नव्हतं ते घोरणं. मी दारातच उभी राहिले. आधी लाज वाटली, लोकांच्या दुकानात असं झोपतात का! मग नुसतं बघत राहिले. किती खप्पड झालाय चेहरा.

पीयूषभाई सज्जन माणूस. म्हणाले, "सुवा दो ने, मने शुं नडे छे." झोपू दे, मला काय त्याचा त्रास, म्हणे. कोण असं म्हणतं हल्ली?

तेव्हाच ठरवलं. ज्या आवाजाने यांना झोप लागते तो आवाज घरी न्यायचा. हाच संच, हेच स्पीकर. दुसरा नको, मोठा नको, स्वस्त नको. इतके दिवस मला वाटत होतं हे नखरे करताहेत. त्यांना तर आपलं औषध सापडलं होतं.

१२ सप्टेंबर, रविवार

संच गणपतीच्या आधी आला. पीयूषभाईंचा माणूस तारा, खिळे, पट्टी घेऊन आला आणि खोली मोजून म्हणाला, "मागचा उजवा स्पीकर नेमका इथे यायला हवा, खुर्चीच्या मागे. स्टँडवर." आणि माझ्या मशीनवर हात ठेवला.

हे पटकन म्हणाले, "मशीन राहू दे तिथे. स्पीकर दुसरीकडे लाव."

किती समजूतदारपणा! पण मला वहिनींचं बोलणं आठवलं. म्हटलं, "राहू दे काय? तुमच्या स्पीकरला जागा नको का? मला मागच्या बाल्कनीत उजेड चांगला मिळतो." मिळत नाही. तिथे कपडे धुण्याचा दगड आहे, पाण्याचं पिंप आहे आणि दुपारी जो काही उजेड येतो तो समोरच्या भिंतीला आपटून. पण त्या माणसाच्या मदतीने मशीन उचलून नेलं. दार लावलं की बैठकीत आवाज येत नाही, हेही बघून घेतलं.

परत आले तर हे मशीनच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. फरशीवर चार पायांचे डाग राहिलेत, ते घासायला हवेत.

संध्याकाळी तेच दुकानातलं गाणं लावलं. घुमणाऱ्या डब्याने मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या थरथरायला लागल्या, किणकिण किणकिण. खालच्या मजल्यावरून प्रतापराव बघायला आले की भूकंप तर नाही ना? तीन वर्षांपूर्वीच्या त्या धक्क्यापासून बिचारे वाटी वाजली तरी जिन्याकडे धावतात. मग त्यांनाही बसवलं, चहा दिला. म्हणाले, "वाह, थेटरात बसल्यासारखं वाटतं!"

 रात्री यांना झोप मात्र नाही. नवीन आहे, सवय व्हायला हवी.

१९ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आरतीला घर भरलं होतं आणि येणारा प्रत्येक जण आधी स्पीकरना नमस्कार करून मग गणपतीला करत होता. पुण्याहून रसिकाचा फोन, "आई, बाबा खूश आहेत ना?" हो म्हटलं. लेकीला दुसरं काय सांगायचं?

मी सगळे प्रकार करून पाहिले. गाणं, भजन, बातम्या, मोठ्याने, हळू. खुर्ची पुढे, खुर्ची मागे. हे आज्ञाधारकपणे बसतात, डोळे मिटतात, आणि मी वाकून पाहिलं की पापण्यांच्या आत बुबुळं हलत असतात. मला बरं वाटावं म्हणून झोपेचं सोंग घेतात. याचंच जास्त वाईट वाटतं.

३ ऑक्टोबर, रविवार

पितृपक्ष. पुढच्या आठवड्यात नवरात्र आणि सगळ्या बडोद्याला गरब्यासाठी चणिया-चोळी आत्ताच शिवून हवी. एकेका घागऱ्याच्या घेराला एवढं कापड की मांडीवर घेतलं की मी दिसेनाशी होते. मागच्या बाल्कनीत डास, अंधार आणि पाठीत कळ. दिवसभर दार लावून शिवते. बाहेर आले की हे खुर्चीत तसेच, मागे स्टँडवर तो साबणाच्या वडीएवढा स्पीकर, बंद.

परवा हे पुन्हा गेले होते पीयूषभाईंकडे. रिक्षाने गेले, एवढं बरं. मला राग आला. "घरी तोच संच आहे ना? मग तिथे काय आहे?"

"माहीत नाही," म्हणाले. "तिथे बरं वाटतं."

म्हणजे घरी बरं वाटत नाही. माझ्या घरात. मी बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि एक घेर उलटा शिवला. सगळी टीप उसवावी लागली.

खरं लिहिते. मी थकलेय. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत चाललाय आणि मला काही सुचत नाही. देवाने एवढी एकच गोष्ट द्यावी, यांना झोप द्यावी. बाकी काही मागत नाही. कामही मीच करीन, बोलणंही मीच करीन.

९ ऑक्टोबर, शनिवार

हात भरून आलेत, तरी आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी बाल्कनीतल्या प्लगमधून धूर निघाला आणि मशीन बंद. उद्या सकाळी चार चणिये द्यायचे. मोटारीशिवाय पायाने एवढे घेर ओढायचे तर मी दसऱ्यापर्यंत उठले नसते. दुसरा प्लग बैठकीच्या खोलीत, खुर्चीमागे, आणि त्यात होम थिएटर. शेवटी यांनाच हाक मारली. दोघांनी मिळून मशीन ओढत आणलं, स्पीकरचा स्टँड उचलून सोफ्यावर आडवा टाकला आणि होम थिएटरचा प्लग काढून माझा लावला. चारही पाय त्या डागांवर बरोबर बसले. डाग घासायचे राहूनच गेले होते.

"आजचा दिवस सोसा जरा," मी म्हटलं. "काम झालं की नेते परत."

ते खुर्चीत बसले, माझ्याकडे पाठ करून. मी सुरू केलं. लेस लावायची होती, लांबच लांब टीप, मध्ये थांबायचं कारण नाही. पहिला चणिया झाला, दुसरा काढायला थांबले तर समोरून आवाज, "थांबलीस का?" मला वाटलं, वैतागले. म्हटलं, "झालंच हं." घाईघाईने दुसरा लावला.

तो अर्धा झाला असेल आणि मशीनच्या आवाजात दुसराच आवाज मिसळला. आधी वाटलं, मोटार गेली वाटतं आता. मग कळलं, हे घोरताहेत.

मी पाय काढणार होते. सवयीने उचललाही होता. मशीन मंदावलं, आणि घोरणं अडकलं, खांदा हलला. मी पटकन पाय दाबला. मशीन पळालं, खांदा शांत झाला.

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

मग मला तो कावळा आठवला. बिचारा कावळा! आणि प्लायवूडच्या पलीकडची ती जरीची मशीनं, ज्यांची मी तक्रार केली होती. तिथला एकही स्पीकर यांनी ऐकला नव्हता. उमरभर पाठीमागे मशीनं चालू असली की यांना कळायचं, सगळं ठीक चाललंय. इथे मी पाठीमागचं एकुलतं एक मशीन उचलून पिंपाशेजारी नेऊन ठेवलं, वर दार लावून घेतलं, आणि त्या जागी दुकानातून आवाज विकत आणला! त्यांनाही कळलं नव्हतं म्हणा. नुसतं "राहू दे तिथे" म्हणाले होते. मी तरी तेव्हा ऐकायला हवं होतं. हसू की रडू कळेना, म्हणून दोन्ही केलं, हळूच.

चारही चणिये झाले. सूर्य समोरच्या गच्चीमागे गेला. पाठ मोडून आली होती. पण थांबायचं कसं? कपाटातून जुनी चादर ओढली आणि तिच्यावर टीप मारायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. दोरा संपला तर नवीन बॉबिन, तीही त्यांचा खांदा हलायच्या आत, कशी घातली देव जाणे. राजेश्वरीवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्या घोरण्याकडे, माझ्याकडे आणि त्या चादरीकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता परत गेल्या.

दिवेलागणीनंतर हे आपोआप जागे झाले. पूर्ण जागे, पहाटे उठतात तसे. वळून बघितलं. चादर गुडघ्यापासून जमिनीपर्यंत, सगळी रेघारेघांची.

"हे काय शिवतेस?"

"तुमची झोप," म्हणणार होते. पण तसलं बोलायची सवय नाही आम्हाला. म्हटलं, "काही नाही. चहा टाकते."

"थांब, मी टाकतो," म्हणाले. पातेलं कुठे असतं ते विचारलं, साखर कुठे असते ते विचारलं. चहा पांचट झाला होता. मी कप चाटूनपुसून प्याले.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार, दसरा

कंपनीत दसऱ्याला हे मशीनांना हार घालायचे. आज सकाळी अंघोळ करून माझं मशीन उघडलं, आतली दोऱ्याची सगळी घाण काढली, तेल घातलं, वर झेंडूचा हार घातला. पट्टा सैल झालाय, बदलायला हवा, म्हणाले. हल्ली दुपारी दोन तास आणि रात्री थोडं उशिरापर्यंत मी शिवते, मग ते आत जाऊन आडवे होतात आणि झोप मोडत नाही. काम नसलं तर चादर आहेच. तिची दुसरी बाजू बाकी आहे. मध्ये एकदा हेच म्हणाले, "आज तू झोप, मी चालवतो." सुई तोडली आणि माझी उशिरापर्यंतची झोपही. पण चालवलं.

चार स्पीकर भिंतीवर आहेत, पाचवा सोफ्याच्या मागे भिंतीशी टेकवलाय. त्यालाही एक फूल वाहिलं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

आत्ता रसिकाचा फोन आला होता. "आई, होम थिएटर कसं चाललंय? बाबांना आवडलं ना? मागून आवाज येतो का नीट?"

हे खुर्चीत मान टाकून झोपले होते. मी रिसीव्हर खांद्याशी धरून पाय चालवतच म्हटलं, "येतो गं. छान येतो."